असईच्या मातीतली शिशाची गोळी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या घरी पुस्तकांच्या कपाटात एक काडेपेटी आहे. तिच्यात कापसावर शिशाची एक गोळी ठेवलेली आहे. मोठ्या बोराएवढी, पांढुरक्या राखाडी रंगाची. पाहुण्यांपैकी कुणी ती तळहातावर घेतली की हमखास दचकतो, कारण तिचं वजन डोळ्यांच्या अंदाजात बसत नाही. वाकोल्याच्या बाजारातल्या ओळखीच्या सोनाराकडून मी ती तोलून घेतली होती. सोनाराने आधी तिच्याकडे संशयाने पाहिलं, मग काटा पाहून म्हणाला, “एकतीस ग्रॅम. पण काका, हिचं करायचं काय?” प्रश्न रास्त होता. आजच्या भाषणात मी त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करणार आहे.

ही गोळी असईची. जालना जिल्ह्यात भोकरदन-जाफराबादच्या बाजूला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई नावाचं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा एका बाजूला आणि आर्थर वेलस्ली यांच्या हाताखालची ईस्ट इंडिया कंपनीची फौज दुसऱ्या बाजूला, अशी लढाई झाली. हे वेलस्ली म्हणजेच पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारे ड्यूक ऑफ वेलिंग्टन. असईच्या वेळी त्यांचं वय होतं ३४. म्हातारपणी त्यांना कुणी विचारलं, की तुमची सर्वांत चांगली लढाई कुठली, तर ते वॉटर्लूचं नाव घेत नसत, असईचं घेत. आपल्या शाळेच्या पुस्तकात मात्र असईला एक ओळ मिळते. कधी तीही नाही.

१९८८ साली, पावसाळा नुकताच संपला होता तेव्हा, मी तिथे गेलो होतो. रणभूमी म्हणून पाहण्यासारखं काही नव्हतं. कपाशी, मका, बांधावर बाभळी. एका शेतकऱ्याने चहा पाजला आणि कोनाड्यातून एक डबी काढून माझ्यापुढे उपडी केली. तिच्यात सहा-सात गोळ्या होत्या. “पाऊस पडून गेला की वर दिसतेत, सर. लेकरं खेळतेत त्यानं. तुम्हाला पाहिजे तर न्या एक.” मी नेली. आनंदाने नेली. ती कुठल्या शेतात सापडली, कुठल्या बांधाजवळ, वर होती की नांगराच्या तासात, यातलं एक अक्षरही मी विचारलं नाही. आणि इथेच माझी चूक झाली. ती चूक नेमकी काय होती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

वाकोल्यात राहणाऱ्या माणसाला बंदुकीच्या गोळीचं महत्त्व कुणी सांगायला नको. आमच्याकडून विद्यापीठाच्या कलिना संकुलाकडे निघालं, की हंस भुग्रा मार्गावर राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा लागते. गुन्ह्यात वापरलेली पिस्तुलं, काडतुसं, मृताच्या शरीरातून काढलेल्या गोळ्या तपासायला तिथे येतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातली शस्त्रं आणि गोळ्याही तिथेच तपासल्या गेल्या. या तपासणीचं तत्त्व समजायला सोपं आहे. आजच्या पिस्तुलाच्या किंवा रायफलीच्या नळीच्या आत पिळाच्या आकाराच्या चऱ्या कोरलेल्या असतात. गोळी त्यांतून फिरत बाहेर पडते आणि नळीतले बारीकसारीक ओरखडे अंगावर घेऊन जाते. संशयित पिस्तुलातून दुसरी गोळी झाडायची आणि दोन्ही गोळ्या एकाच वेळी शेजारी शेजारी दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या. ओरखडे जुळले, की पिस्तूल सापडलं. ही पद्धत अमेरिकेत १९२५ च्या सुमारास रूढ झाली.

मग असईच्या गोळीवरून तिची बंदूक ओळखता येईल का? येणार नाही. त्या काळच्या साध्या बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असे. चऱ्या नाहीत, म्हणून ओरखडेही नाहीत. पण म्हणून गोळी मुकी ठरत नाही.

पहिली गोष्ट वजनाची. शिशाची घनता ठाऊक आहे. त्यामुळे गोळी चेपलेली, अगदी चपटी झालेली असली, तरी वजनावरून तिचा मूळ व्यास काढता येतो. साडेसतरा मिलिमीटर व्यासाची गोळी सुमारे ३२ ग्रॅम भरते, सोळा मिलिमीटरची २४ ग्रॅम. कंपनीच्या पायदळाकडच्या चकमकीच्या बंदुकीचं तोंड पाऊण इंचाचं असे आणि तिची गोळी एका पौंडाला चौदा-साडेचौदा बसत. फ्रेंच धर्तीच्या बंदुकीची गोळी याहून हलकी. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुका तर जितके कारागीर तितक्या मापांच्या. त्यांच्या गोळ्या शिपाई स्वतः साच्यात ओतत, त्यामुळे त्यांच्यात एकसारखेपणा नसतो. उंटावरच्या जंबुरक्याची गोळी आणखी मोठी.

म्हणजे माझी एकतीस ग्रॅमची गोळी कंपनीची, असं ठरवून मोकळं व्हावं का? माझाही तसाच समज झाला होता. पण शिंद्यांची कवायती पलटणं म्हणजे भाले घेऊन धावणारा जमाव नव्हे. महादजी शिंद्यांच्या काळात द बॉयनने ती उभी केली, आणि सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराने आग्र्याच्या कारखान्यात तिच्यासाठी तोफा ओतल्या, बंदुका घडवल्या. या बंदुका युरोपी बनावटीच्या तोडीस तोड होत्या. शिवाय लुटीतली आणि विकत घेतलेली इंग्रजी हत्यारं दोन्हीकडे होती. असईला या पायदळाचा सेनापती पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन होता आणि त्याच्यासमोर उभे होते मद्रासकडचे तेलुगू-तमिळ शिपाई आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या पलटणी. कोण कुणाच्या बाजूने आणि कुणाच्या बंदुकीने लढत होतं, याचा हिशेब आपल्या मनातल्या नकाशाइतका सरळ नाही. एका गोळीच्या वजनावरून निकाल देता येत नाही. पाचशे गोळ्या मोजल्या, की मात्र गट पडू लागतात.

दुसरी गोष्ट अंगावरच्या खुणांची. साच्याची शिवण आणि शिसं ओतल्यानंतर कापलेला देठ अनेकदा दोनशे वर्षांनीही दिसतो. झाडलेल्या गोळीच्या कमरेभोवती नळीला घासल्याचा पुसट पट्टा उमटतो आणि मागच्या बाजूला दारूच्या ज्वाळेने पडलेले बारीक खळगे दिसतात. दगडाला आपटलेली गोळी थापलेल्या भाकरीसारखी होते. मऊ मातीत पडलेली जवळजवळ गोल राहते. तोफेतून पत्र्याच्या डब्यात भरून उडवलेल्या गोळ्या वेगळ्या ओळखू येतात. दारूचा धक्का बसताच त्या एकमेकींवर दाबल्या जातात, त्यामुळे त्यांच्या अंगावर सपाट पैलू पडतात. आणि काही गोळ्यांवर दातांच्या खुणा असतात! वेदना सोसताना जखमी शिपायाने दाताखाली गोळी धरली, अशा कथा पाश्चात्त्य देशांत फार लोकप्रिय आहेत. तपासल्यावर त्यांतले बरेचसे दात डुकरांचे निघतात.

माझ्या गोळीवर पट्टा नाही, खळगे नाहीत, ती चेपलेली नाही. देठ कापल्याची खूण स्पष्ट आहे. म्हणजे ती झाडलीच गेली नाही, कुणाच्या तरी हातून पडली. त्या काळी बंदूक भरणं म्हणजे कागदी काडतूस दाताने फाडायचं, चिमूटभर दारू कानाजवळच्या पेल्यात टाकायची, उरलेली नळीत ओतायची, वरून गोळी आणि कागद, मग गजाने ठासायचं. सराव असलेला शिपाई हे मिनिटाला दोन-तीनदा करी. समोरून तोफा चालू असताना, शेजारचा माणूस कोसळत असताना, या खटाटोपात हातून गोळी सुटणं अगदी सहज शक्य आहे. म्हणून जिथे न झाडलेल्या गोळ्या ओळीने सापडतात, तिथे कुणीतरी रांगेत उभं राहून बंदुका भरत होतं असा तर्क करता येतो, आणि जिथे चेपलेल्या गोळ्यांचा दाट सडा मिळतो, ती जागा माऱ्याखाली होती. दोन्ही जागा नकाशावर मांडल्या, की लढाईची रेघ दिसू लागते.

इथे माझी चूक लक्षात येईल. गोळीची अर्धी माहिती गोळीत असते. उरलेली अर्धी ती जिथे पडली होती त्या जागेत असते. मी पहिला अर्धा भाग खिशात घालून आणला आणि दुसरा तिथेच पुसून टाकला.

ही विद्या जगात तशी नवीच. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात लिटल बिगहॉर्न नदीकाठी २५ जून १८७६ रोजी सू आणि शायेन या मूळ रहिवाशांनी कस्टर या सेनाधिकाऱ्याची तुकडी पार कापून काढली. कस्टरच्या बरोबरचा एकही माणूस हकीकत सांगायला उरला नाही. मग चित्रकारांनी आणि पुढे सिनेमावाल्यांनी टेकडीवर शेवटपर्यंत झुंजणारा कस्टर रंगवला. ज्यांनी लढाई डोळ्यांनी पाहिली होती ते सू आणि शायेन योद्धे वेगळंच सांगत होते, पण हरलेल्यांना आवडेल तेच लोक ऐकत होते. १९८३ साली त्या माळावर वणवा लागला, गवत जळून जमीन उघडी पडली आणि पुढच्या दोन उन्हाळ्यांत डग्लस स्कॉट, रिचर्ड फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धातुशोधक यंत्रं घेऊन तो माळ वीत वीत चाळला. प्रत्येक गोळी आणि काडतुसाची प्रत्येक टोपी नकाशावर नोंदली गेली. काडतुसाच्या बुडावर बंदुकीच्या घोड्याच्या सुईने उमटवलेली खूण प्रत्येक बंदुकीची वेगळी असते. त्यावरून एक-एक बंदूक माळावर कुठून कुठे सरकत गेली, हेसुद्धा सांगता आलं. निष्कर्ष असा निघाला, की योद्ध्यांकडे लागोपाठ झाडता येणाऱ्या बंदुका मोठ्या संख्येने होत्या, आणि सैनिकांची फळी बऱ्याच ठिकाणी फार प्रतिकार न करता कोलमडली होती. शंभर वर्षं खोटी ठरवलेली साक्ष काडतुसांच्या टोपल्यांनी खरी ठरवली.

इंग्लंडचं उदाहरण थोडक्यात सांगतो. बॉसवर्थची १४८५ ची लढाई, जिच्यात तिसरा रिचर्ड राजा पडला, ती कुठे झाली हे सगळ्यांना माहीत होतं. तिथे माहितीकेंद्र होतं, निशाण फडकत होतं. पाच वर्षांच्या शोधानंतर २००९-१० मध्ये शिशाचे तोफगोळे सापडले ते तिथून तीनएक किलोमीटरवर!

आता असईकडे वळू. या लढाईची जी हकीकत आपण वाचतो ती बहुतेक जिंकणाऱ्यांच्या कागदांतली. नदीच्या दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड अशी दोन गावं समोरासमोर दिसतात, त्याअर्थी मध्ये उतार असणारच, असा अंदाज करून वेलस्लींनी केळणा ओलांडली. त्यांचं पायदळ उतरतंय हे पाहून पोलमनने आपली पलटणं काटकोनात फिरवून नवी फळी धरली. इतक्या मोठ्या फौजेला ही हालचाल जमेल असं इंग्रजांना वाटलंच नव्हतं. मग कंपनीच्या उजव्या टोकाची ७४ वी हायलँडर पलटण ठरल्या दिशेपेक्षा जास्त उजवीकडे, थेट असई गावाच्या तोंडाशी सरकली आणि तोफांच्या माऱ्यात तिची चाळण झाली. डाव्या बाजूला शिंद्यांचे गोलंदाज तोफांच्या आसपास मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढे निघून गेल्यावर उठून त्यांनी तिच्या पाठीवर पुन्हा मारा सुरू केला. संध्याकाळपर्यंत कंपनीचे ४२८ ठार आणि ११३८ जखमी झाले होते, १८ बेपत्ता. शंभराच्या आसपास तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. शिंद्यांच्या बाजूची माणसं किती पडली त्याचे फक्त अंदाज आहेत, आणि तेही शत्रूने केलेले.

यातली किती तरी विधानं मातीला विचारता येतील. ७४ वी नेमकी किती भरकटली? पैलू पडलेल्या गोळ्यांचा सडा गावापासून किती अंतरावर सुरू होतो? पोलमनची दुसरी फळी कुठे उभी होती, आणि ती मोडली की मागे सरकून पुन्हा सावरली? पराभूतांच्या बाजूने कुणी लिहून ठेवलं नसेल, तर त्यांच्या हातून पडलेल्या गोळ्या हाच त्यांचा कागद. त्या पलटणींतले बहुतेक लोक पुरबी, दूरच्या मुलखातले. त्यांची नावं आपल्याकडे नाहीत. समोरच्या मद्रासी शिपायांचीही नाहीत.

काम सोपं नाही, हेही सांगतो. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. दोन-दोन हात खोल भेगांत गोळी घरंगळते आणि पावसाने माती फुगली की आत मिटून जाते. साधं धातुशोधक यंत्र वीतभर, फार तर दीड वीत खोल पाहतं. शिवाय त्याला शिसं आणि लोखंड सारखंच खुणावतं. शेतातून बैलांच्या पत्र्या, नांगराचे तुकडे, खिळे, बाटल्यांची बुचं अशी बुट्टीभर कमाई झाली, की त्यात एखादी गोळी. एक सोय मात्र निसर्गाने करून ठेवली आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात शिशाची खाण नाही. जालन्याच्या मातीत सापडणारं शिसं माणसानेच तिथे आणलेलं असतं. शिसं हा कंपनीच्या विक्रीच्या मालातला नेहमीचा जिन्नस, तो विलायतेहून जहाजांत येई. राजस्थानातल्या जावरच्या खाणी तर फार जुन्या. प्रयोगशाळेत शिशाची अणुरचना तपासून ते कुठल्या खाणीचं, याचा अंदाज बांधता येतो. अर्थात जुनं शिसं वितळवून पुन्हा ओतलेलं नसेल तर. आणि शिपाई ते सर्रास करत.

आमच्या साष्टीत यातलं काहीच जमणार नाही. १७३७ साली या बेटावर मराठ्यांचा अंमल बसला, १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, म्हणजे दारूगोळा इथेही कमी उडालेला नाही. पण वाकोल्याच्या जमिनीवर भराव, पाया, पुन्हा भराव असे इतके थर चढले आहेत, की खाली काय आहे ते खालीच राहणार. खाडीकाठी कुणाला शिशाचा गोळा सापडलाच, तर आधी त्याला भोक आहे का पाहावं. असेल तर ते बहुधा कोळ्यांच्या जाळ्याचं वजन असतं.

जुन्या वस्तूंच्या बाजारात या गोळ्या विकायला येतात. तोफगोळेही येतात, आणि त्यांतले काही सिमेंटच्या कारखान्यात दगड दळायला वापरतात ते पोलादी गोळे असतात, हे घेणाऱ्याला माहीत नसतं. देणाऱ्याला असतं. अस्सल गोळी विकत घेतली तरी हाती काय येतं? तीस ग्रॅम शिसं. कायद्याचं म्हणाल, तर जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असा १८७८ चा कायदा आहे. दहा रुपये तेव्हा मोठी रक्कम होती, आज चहालाही पुरत नाहीत. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापारासाठी १९७२ चा कायदा वेगळा. पण शेतकऱ्याने डबीभर गोळ्या घेऊन जालन्याच्या कचेरीत जावं आणि कुणीतरी त्या वाचून घ्याव्यात, अशी वाट मला कुठे दिसत नाही. यंत्र घेऊन हौसेने रानात जाणाऱ्या तरुणांना म्हणूनच मी दुरूनच हात जोडतो. उपटून काढलेली गोळी परत लावता येत नाही.

वाट असते तिथे काय घडतं पाहा. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या नगर या गावी, म्हणजे जुन्या बिदनूरला, एका कोरड्या विहिरीच्या मातीला बंदुकीच्या दारूचा वास येतो असं लक्षात आलं. तिथल्या पुरातत्त्व विभागाने २०१८ मध्ये ती विहीर उपसली, तर आत लोखंडी नळ्यांचे हजारावर बाण निघाले, हैदर-टिपूच्या काळचे. वास आला आणि कुणीतरी दखल घेतली, एवढंच.

२०११ साली मी पुन्हा असईला गेलो. चहा पाजणारे ते शेतकरी वारले होते. मुलगा भेटला. गोळ्यांची डबी त्याला आठवत होती, पण ती कुठे गेली ते ठाऊक नव्हतं. घर नवं बांधताना जुनं सामान काढून टाकलं होतं. शेताचे दोन तुकडे झाले होते, मधला बांध जेसीबीने सपाट केला होता, विहिरीची माती पसरून टाकली होती. मी काडेपेटी उघडून गोळी त्याच्या हातावर ठेवली आणि विचारलं, “दादा, वडील ही कुठल्या अंगाला सापडली म्हणत होते?” त्याने जरा विचार करून गावाच्या दिशेला हात केला, मग नदीच्या दिशेला केला. “इकडंच कुठंतरी असंल, सर. सगळ्याच रानात सापडायच्या.”

परत आल्यावर हात साबणाने धुतले. शिशावर चढलेला तो पांढरा थर विषारी असतो, घरात अशी गोळी असेल तर लेकरांच्या हाती देऊ नका. मग एका कार्डावर लिहिलं: असई, जिल्हा जालना. वजन ३१ ग्रॅम. न झाडलेली. १९८८. शेत: माहीत नाही. ते कार्ड आता काडेपेटीत गोळीखाली घडी घालून ठेवलेलं आहे.